कोजागिरीचं मसाला दूध: पुडीचा मसाला नको, सगळं घरीच करायचंय (आणि सासूबाईंच्या दुधाचा तो गुलाबी रंग)

भुलाबाईची मैत्रीण, जळगाव | २ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.१०

सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा. आता मुद्द्यावर येते. सोमवारी कोजागिरी आहे आणि यंदा आमच्या गल्लीत दुधाची पाळी माझ्याकडे आलीये. गच्चीवर कार्यक्रम राहतो, पोरी महिनाभर भुलाबाईची (म्हणजे घरात मांडलेल्या पार्वतीची) गाणी म्हणतात, त्या रात्री शेवटच्या टिपऱ्या, खाऊ ओळखायचा, मग चंद्र डोक्यावर आला की दूध. लहानमोठी मिळून ४० माणसं होतात.

आजवर कोणाचीही पाळी असली तरी एकच पद्धत, पिशव्यांचं दूध आणायचं, त्यात विकतच्या मसाल्याची पुडी टाकायची आणि घट्ट दिसावं म्हणून कस्टर्ड पावडर कालवायची. गेल्या वर्षी मी ग्लास गोळा करत होते तर निम्म्याच्या वर ग्लासांत दूध तसंच उरलेलं, मला फार वाईट वाटलं, कारण वर्षातून एकदा प्यायचं दूध आणि ते पोरांना पण संपवावंसं वाटू नये?

माझं लग्न १९९८ चं. पहिली कोजागिरी सासरच्या गावी, धरणगावाकडे. तिथं सासूबाईंनी जे दूध दिलं होतं ते फिकट गुलाबी होतं, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याला जसा रंग असतो ना तसा, आणि घरात केशर नव्हतं हे मला पक्कं माहीत आहे. चव अशी की अजून जिभेवर आहे. आता त्या ७९ वर्षांच्या आहेत, आमच्याकडेच असतात, त्यांना विचारलं तर म्हणतात मी काहीच घालत नव्हते, दूध तसंच राहायचं.

तर ४० जणांना दूध किती घ्यायचं, म्हशीचं का पिशवीचं, मसाला कशाचा आणि किती, आणि तो रंग कसा येत असेल हे कोणी सांगेल का प्लीज. हातात चार दिवस आहेत.

रेल्वेवाली, भुसावळ | २ ऑक्टोबर, रात्री ९.४८

ताई ६ लिटर घ्या. आमच्या क्वार्टर्सला मी तीन वर्षं केलंय. ६ लिटर आटून साडेचार होतं, साखर मसाला पडला की पावणेपाच धरा, १२० मिलीचा छोटा ग्लास भरला तर साधारण ४० ग्लास बसतात. मोठे ग्लास ठेवू नका, हे दूध जड असतं, पोरं निम्मं टाकून देतात.

घट्टपणासाठी कस्टर्ड मला पण आवडत नाही, पण ज्यांना ड्यूटीवरून येऊन दोन तासात करायचंय त्यांनी लिटरमागे दोन मोठे चमचे मिल्क पावडर घालावी, तीही गार दुधात आधी कालवून, गरम दुधात पावडर टाकली की गुठळ्या झाल्याच समजा. पावडर म्हणजे शेवटी दूधच आहे, कस्टर्ड म्हणजे मक्याचं पीठ, रंग आणि व्हॅनिला. आणि कोजागिरीला कितीतरी बायकांचा उपास असतो, मक्याचं पीठ त्यांना चालत नाही, हे कोणी लक्षातच घेत नाही.

धाब्यावरचं चांदणं, अमळनेर | २ ऑक्टोबर, रात्री १०.२०

वा, चांगला धागा. बरं झालं यंदा कोजागिरीला ग्रहण नाही. २०२३ ला २८ ऑक्टोबरला नेमकं कोजागिरीच्या रात्री खंडग्रास होतं, १ वाजून ५ मिनिटांनी लागलं आणि २ वाजून २३ मिनिटांनी सुटलं, वेध दुपारपासून, त्यामुळे आमच्या गल्लीत अर्ध्यांनी दूध दुसऱ्या दिवशी केलं आणि अर्धे अडीचपर्यंत जागले. यंदा ग्रहण येऊन गेलंय, ७ सप्टेंबरला, म्हणजे भुलाबाई बसली त्याच भाद्रपद पौर्णिमेला.

रंगाचं म्हणाल तर मला वाटतं गाईचं दूध असेल. गाईच्या दुधाला पिवळसर झाक असतेच.

दूधवाला, पाचोरा | ३ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

नमस्कार, घरी १४ म्हशी आणि ५ गाई आहेत त्यामुळे या विषयावर बोलतो.

गाईच्या दुधाला पिवळी झाक येते ती हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनने. म्हैस ते कॅरोटीन पोटातच अ जीवनसत्त्वात बदलून टाकते म्हणून तिचं दूध पांढरं फेक. पण पिवळी झाक वेगळी आणि कांद्याच्या पापुद्र्याचा गुलाबी रंग वेगळा, तो गाईच्या दुधाने येणार नाही. त्याचं कारण दुसरं काही असेल.

दूध कोणतं घ्यावं. म्हशीच्या दुधाला फॅट सहा-सात टक्के, गाईच्या साडेतीन-चार. पिशवीत फुल क्रीम लिहिलेलं असेल तर ६ टक्के, टोन्ड म्हणजे ३. टोन्डचं मसाला दूध करूच नका, कितीही आटवा अंग येत नाही. माझं मत विचाराल तर ४ लिटर म्हशीचं आणि २ लिटर गाईचं, नुसत्या म्हशीचं आटवलं की साय फार जाड येते आणि दुसऱ्या घोटाला तोंड भरून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दसऱ्यानंतर आपल्याकडे ऊन परत तापतं, त्यात दूध फाटतं आणि लोक मसाल्याला दोष देतात. सकाळचं आणि संध्याकाळचं दूध कधीच एकत्र करू नका. सकाळी घेतलं तर आणल्या आणल्या एक उकळी काढा, गार करून फ्रीजमध्ये ठेवा. पातेल्यात टाकायच्या आधी प्रत्येक भांड्यातलं दोन चमचे दूध पळीत घेऊन गॅसवर उकळून बघा, पळीत कणी दिसली तर ते दूध बाजूला. आम्ही डेअरीवर घालताना पण हीच परीक्षा होते. एक खराब लिटर पाच चांगल्या लिटरचं वाटोळं करतं, हे मी स्वतःच्या घरी भोगलंय, बहिणीच्या डोहाळजेवणाला.

पहिली कोजागिरी, चोपडा (सध्या पुणे) | ३ ऑक्टोबर, सकाळी ८.०२

मी नवीन आहे इथे. लग्नानंतरची पहिली कोजागिरी, फक्त ६ जणं आहोत, मला पण घरीच मसाला करायचाय. काजू बदाम मिक्सरला लावले तर त्याचा लगदा झाला, तेल सुटलं. काय चुकलं?

शिरपूरकर वहिनी | ३ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

बाळा, गरम असतानाच फिरवले असशील. भाजलेले बदाम पूर्ण गार होऊ दे, अर्धा तास तरी, वाटलं तर दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव. मिक्सर सलग चालवायचा नाही, थांबत थांबत दोन-दोन सेकंद, आणि सोबत दोन चमचे साखर घाल, साखर तेल धरून ठेवते. बारीक पीठ नको, रवाळ राहू दे, दूध पिताना दाताखाली यायला पाहिजे. तो लगदा झालाय तो फेकू नकोस, कपभर गार दुधात कालवून उकळत्या दुधात सोड, छान लागतो.

६ लिटरचं माझं प्रमाण लिहिते, आमच्याकडे वीस वर्षं हेच आहे. बदाम १२५ ग्रॅम, पिस्ते ५० ग्रॅम बिनमिठाचे, काजू ५० ग्रॅम, चारोळी ३० ग्रॅम, वेलदोडे ३० नग, जायफळ एक छोटं त्यातलं अर्धंच, केशर अर्धा ग्रॅम असलं तर, नसलं तर नाही. साखर ४५० ग्रॅम. एवढीच साखर, कारण आटलेल्या दुधाला स्वतःची गोडी असते, पहिल्यांदा करणारे नेहमी दुप्पट टाकतात.

बदाम काजू कोरडेच मंद भाजायचे, रंग बदलायच्या आत उतरवायचे. पिस्ते भाजू नका, हिरवा रंग जातो. निम्मे बदाम गरम पाण्यात भिजवून सोलून उभे पातळ काप करायचे, ते वरून घालायला. वेलदोडा सालीसकट चमचाभर साखरेबरोबर कुटायचा. जायफळाची तयार पावडर आणू नका हो, तिला लाकडाच्या भुशासारखा वास असतो. जायफळ सहाणेवर चमचाभर दुधात उगाळायचं, बारा-पंधरा वेढे दिले की पुरतं. जास्त झालं तर कडवट लागतं आणि डोकं जड होतं, लहान पोरं असतात म्हणून हात आखडताच ठेवायचा.

आमच्या ह्यांना शुगर आहे, म्हणून साखर टाकायच्या आधी त्यांचा वाटा वेगळा काढते. पण दुधात स्वतःची पण साखर असते आणि आटवल्यावर ती दाट होते, त्यामुळे बिनसाखरेचं म्हणून मोठा ग्लास द्यायचा नाही, अर्धी वाटीच. तसंच गल्लीत कोणा लेकराला बदाम शेंगदाणे बाधत असतील तर मसाला पडायच्या आधी त्याचं दूध वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने काढा आणि आधी घराघरात विचारून ठेवा.

सातपुडा पायथा, शहादा | ३ ऑक्टोबर, दुपारी १.१४

चारोळीबद्दल लिहितो कारण सगळ्यात जास्त मसाला तिच्यामुळेच बिघडतो. चाराची झाडं आमच्याकडे सातपुड्यात आहेत, उन्हाळ्यात फळं गोळा करायची, वाळवून फोडून आतला दाणा काढायचा, किलोभर दाण्यामागे किती हात लागतात ते बघितलंय म्हणून ती महाग का याचं मला नवल वाटत नाही. पण तिच्यात तेल भरपूर, त्यामुळे जुनी झाली की खवट होते. दुकानात दोन दाणे तोंडात टाकून चावा, जिभेच्या मागे कडसर लागलं तर घेऊ नका, मसाल्याच्या कुठल्याच वासाने तो खवटपणा झाकत नाही. घरी आणल्यावर दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवून फडक्यावर चोळली की टरफलं निघतात, मग कोरडी करून अख्खीच घालायची, वाटायची नाही.

सुरतचा धुळेकर | ३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.४०

आम्ही सुरतेत आहोत, उधन्याला आपले खान्देशातले लोक खूप, कोजागिरी जोरात होते. इथे शेजारचे गुजराती लोक शरद पौर्णिमेला दूध-पौंवा करतात, म्हणजे साखरदुधात पोहे भिजवून चांदण्यात ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी चांदनी पडवो, त्याला घारी (खवा भरलेली सुरती मिठाई) खायची. आमच्या बिल्डिंगमध्ये आता दोन्ही पातेली शेजारी शेजारी असतात, आपलं मसाला दूध आणि त्यांचे पौंवा. गावची आठवण येते पण हे पण आवडतं.

एक सांगायचं राहिलं, गच्चीवर बल्ब असेल तर त्याच्या खाली पातेलं ठेवू नका, किडे पडतात. वर मलमलचं फडकं बांधा, चंद्रप्रकाश त्यातून पण येतो. आणि फार वेळ बाहेर ठेवायचं असेल तर सगळं पातेलं न ठेवता एक वाटी नैवेद्याची ठेवा, बाकीचं प्यायच्या आधी परत गरम करा.

भुलाबाईची मैत्रीण, जळगाव | ३ ऑक्टोबर, रात्री १०.०५

किती छान माहिती दिली सगळ्यांनी, वहीत उतरवून घेतलंय. दूधवाले भाऊ, पळीतली परीक्षा नक्की करणार. वहिनी, सहाण आहे घरात, सासूबाईंची, देवघरात गंधासाठी ठेवलेली, दुसरी आणते म्हणजे जायफळासाठी.

पण रंगाचं कोणालाच माहीत नाही का? आज परत विचारलं त्यांना, बऱ्याच वेळाने म्हणाल्या की दूध दुपारीच ठेवून द्यायचो आणि शेतात निघून जायचो. मी म्हटलं गॅस चालू ठेवून? तर म्हणाल्या, गॅस कुठला.

मायनी लाडकी, साक्री | ३ ऑक्टोबर, रात्री ११.२२

ताई, गॅस कुठला म्हणाल्या ना, तिथंच तुमचं उत्तर आहे.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं. माय दुपारी स्वयंपाक आवरला की चुलीतली लाकडं ओढून घ्यायची, निखाऱ्यावर दोन-तीन गवऱ्या आडव्या टाकायची, वर राख पसरायची आणि वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, दुधाचं मडकं ठेवून द्यायची. गवरी पेटत नाही, नुसती धुमसते, तासन् तास. त्यावर दूध उकळत नाही, उतू जात नाही, लागत पण नाही. कडेला फक्त बारीक बुडबुडे येत राहतात, जशी झोपलेल्या लेकराच्या ओठावर लाळ येते तसे. आम्ही शाळेतून यायचो तोवर वर बोटभर जाड साय आणि ती साय पांढरी नाही, गुलाबी. खालचं दूध पण तसंच. रोजचं दूध असं राहायचं आमच्याकडे, कोजागिरीला फक्त त्यात साखर वेलदोडा पडायचा.

आम्ही भावंडं मडक्याजवळ घिरट्या घालायचो तर माय म्हने, "दूधले घाई करानी नही". अजून दूध तापवताना माझ्या कानात तेच येतं.

तुमच्या सासूबाईंनी काही घातलं नव्हतं हे खरंच आहे. त्यांनी वेळ घातला होता.

दूधवाला, पाचोरा | ४ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

बरोबर!! मला काल सुचायला पाहिजे होतं. खवा करतो तेव्हा आम्ही हेच बघतो, मंद आचेवर जास्त वेळ ठेवलेल्या दुधाचा खवा बदामी येतो आणि जाळ मोठा करून पटकन काढलेला पांढरा. दुधातली साखर आणि दुधातलं प्रोटीन यांचा उष्णतेत संयोग होतो आणि रंग चढतो, भाकरीला डाग पडतात ती पण त्यातलीच क्रिया, फक्त दुधात ती फार हळू होते म्हणून तपकिरी व्हायच्या आधी गुलाबीवर थांबवता येते. केशराचा पिवळा आणि हा रंग यात काही संबंध नाही.

मोठ्या आचेवर लवकर करू गेलं तर बुडाला लागतं आणि मग जळका वास, तो रंग नाही.

पहिली कोजागिरी, चोपडा (सध्या पुणे) | ४ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

मग गॅसवर होणारच नाही का हे? फ्लॅटमध्ये गवऱ्या कुठे पेटवणार.

मायनी लाडकी, साक्री | ४ ऑक्टोबर, सकाळी १०.४०

होतं गं, मी आता धुळ्यात फ्लॅटमध्येच राहते. गॅसवर जाड लोखंडी तवा ठेव, बट्ट्या भाजायचा जुना असेल तर उत्तम, त्याच्यावर दुधाचं पातेलं. म्हणजे जाळ पातेल्याला थेट लागत नाही, तव्याची धग लागते. आधी दूध तव्याशिवाय एकदा उकळून घ्यायचं, नाहीतर तव्यावर गरम व्हायलाच दोन तास जातील. मग तवा सारायचा आणि बर्नर अगदी बारीक. ६ लिटरला चार-साडेचार तास धर, तुझं दीड लिटर असेल तर दोन तास खूप झाले. गवरीच्या धुराचा वास येणार नाही, तेवढं मात्र खरं.

दर दहा-पंधरा मिनिटांनी सराट्याने बूड मोकळं करायचं आणि साय आली की ती मोडून दुधातच ढकलायची. साय झाकण बनून बसली की वाफ अडते आणि दूध आटतच नाही.

धाब्यावरचं चांदणं, अमळनेर | ४ ऑक्टोबर, दुपारी १२.०५

मी गाईच्या दुधाचं म्हणालो होतो ते चुकलं, दूधवाल्या भाऊंचं पटलं. तुमचं वाचून आमच्या जुन्या घराचा धाबा आठवला. मातीचा धाबा म्हणजे सपाट छत, संध्याकाळी पाणी शिंपडून घोंगडी टाकायची, आजी दुधाचा पहिला प्याला घरातल्या मोठ्या अपत्याला द्यायची, आधी ओवाळायची. मी मोठा, त्यामुळे पहिला मान माझा. आता माझ्या मुलीला ओवाळतो. भुलाबाईची मैत्रीण, तुमच्या कार्यक्रमात प्रत्येक घरातल्या थोरल्या लेकराला पहिले ग्लास द्या ना, आता हे फार कमी ठिकाणी करतात.

रेल्वेवाली, भुसावळ | ४ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

किती आटलं ते डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी माझी एक पद्धत सांगते. सरळ कडांचं पातेलं घ्या, कढईसारखं पसरट नको. दूध ओतलं की लाकडी उलथन्याची दांडी उभी बुडवायची, बुडाला टेकवायची आणि जिथवर ओली झाली तिथे पेन्सिलीने रेघ. त्या उंचीचे चार भाग करून वरून पहिल्या भागावर दुसरी रेघ. दूध दुसऱ्या रेघेवर आलं की साडेचार लिटर झालं, गॅस बंद. मी हे माझ्या सासऱ्यांकडून शिकले, ते डिझेलच्या टाकीत पट्टी बुडवून असंच मोजायचे.

आणि साखर आधी टाकू नका. साखर पडली की दूध बुडाला लवकर धरतं. आटवून झाल्यावर साखर, दहा मिनिटं उकळी, मग मसाला, मग फक्त पाच मिनिटं. वेलदोडा जायफळ जास्त उकळलं तर वास उडून जातो.

शिरपूरकर वहिनी | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.५०

पातेल्यात दूध ओतायच्या आधी पातेलं पाण्याने विसळून घ्या आणि पाणी पुसू नका, ओल्या बुडाला दूध कमी धरतं.

तरीही लागलंच तर घाबरून खरवडायला जाऊ नका. जळलेला वास बुडाशी असतो, खरवडला की सगळ्या दुधात पसरतो. गॅस बंद, वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता, खालचं पावभर सोडून द्या.

केशर असेल तर चिमूटभर साखरेबरोबर खलात घोटून कोमट दुधात वीस मिनिटं भिजवा. टाकल्या टाकल्या लालभडक रंग सोडून काडी पांढरी पडली तर ते केशर नाही. खरं केशर हळूहळू पिवळं सोडतं आणि काडी लालच राहते. पण ताई तुम्हाला सांगू का, या वर्षी केशर घालूच नका, नाहीतर तुमचा गुलाबी रंग आला की नाही हे कळणारच नाही.

भुलाबाईची मैत्रीण, जळगाव | ४ ऑक्टोबर, रात्री ९.३०

वहिनी हे एकदम पटलं. केशर नाही.

सातपुडा पायथा, शहादा | ६ ऑक्टोबर, दुपारी ४.२०

ताई झालं का सुरू? आमच्या घरचे मोठे काका कावड घेऊन सप्तशृंगी गडावर पोचले, सकाळी फोन आला. इकडे आम्ही पण दूध ठेवलंय, तव्यावर.

भुलाबाईची मैत्रीण, जळगाव | ७ ऑक्टोबर, सकाळी ११.४५

काल रात्री दीड वाजता झोपले, आता सगळं सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी जीव लावून सांगितलं.

दूध ४ लिटर म्हशीचं, २ लिटर गाईचं, सकाळी सातला आलं, लगेच उकळलं. दुपारी अडीचला पळीत परीक्षा केली, दोन्ही दुधं चांगली निघाली. आमचं जुनं कल्हईचं पितळी पातेलं माळ्यावरून काढलं होतं, परवाच कल्हई करून आणलेलं. विसळलं, दूध ओतलं, उलथन्यावर दोन रेघा मारल्या, उकळी आली आणि खाली तवा सारला. तेव्हा तीन वाजले होते.

चार वाजता बघितलं, पांढरंच. साडेचारला पण पांढरंच, माझा धीर सुटत चालला होता, वाटलं आच वाढवावी का, हात बर्नरपर्यंत गेला पण होता. मग साक्रीच्या ताईंच्या आईचं वाक्य आठवलं आणि तिथून बाजूला झाले, बदामाचे काप करायला बसले. पावणेसहाच्या सुमारास साय मोडायला सराटा घातला आणि सायीच्या कडेला, जिथे ती पातेल्याला चिकटते तिथे, फिकट बदामी पट्टी दिसली. ती खरवडून दुधात मिसळली. त्यानंतर दर वेळी थोडा थोडा रंग दुधात उतरताना दिसायला लागला. सव्वासातला दूध दुसऱ्या रेघेवर आलं. दिव्याच्या उजेडात पांढऱ्या वाटीत काढून बघितलं. तोच रंग हो!

मधे सहाला शेजारच्या काकू आल्या, बोलण्यात वीस मिनिटं गेली, तेवढ्यात बुडाला जरासं धरलं, सराटा अडायला लागला. वहिनींनी सांगितलं होतं तसं न खरवडता वरचं दूध दुसऱ्या पातेल्यात घेतलं, खाली जेमतेम वाटीभर सोडलं, जळका वास अजिबात आला नाही. पातेलं बदललं त्यामुळे दांडीच्या रेघेचा अंदाज थोडा हलला, दुसऱ्या पातेल्याची रुंदी तेवढीच होती म्हणून निभावलं.

साखर ४५० ग्रॅमच घातली, मला कमी वाटत होती, पण अगदी बरोबर झाली. जायफळ सासूबाईंनी स्वतः उगाळून दिलं. खुर्चीत बसूनच उगाळलं, मांडीवर पाट घेऊन, मी वेढे मोजत होते तर म्हणाल्या मोजायचं नाही, वास आला की थांबायचं.

दूध वाटीत दिलं तेव्हा सासूबाई आधी प्यायल्या नाहीत, वाटी ट्यूबलाइटकडे धरून बघितली. मग म्हणाल्या, "वैलावर ठेवलं होतं का?" मी म्हटलं तव्यावर. एक घोट घेऊन म्हणाल्या, धूर नाही याला, पण दूध तेच आहे. आणि त्यानंतर त्यांना एकेक आठवायला लागलं, कुठल्या म्हशीचं दूध असायचं, मडकं कोणाकडचं, शेतातून यायला उशीर झाला की मांजर कसं चुलीपाशी बसून राहायचं. मी इतक्या वर्षांत हे काहीच ऐकलं नव्हतं.

गच्चीवर ४३ जण झाले, दूध पुरलं. अमळनेरच्या दादांनी सांगितलं तसं आधी घरोघरच्या थोरल्या लेकरांना ओवाळून ग्लास दिले, ११ निघाली, त्यात एक ५२ वर्षांचे काका पण होते, त्यांच्या आईनेच ओवाळलं त्यांना. ग्लास गोळा करायला मी मुद्दाम स्वतः गेले. दोन ग्लासांत थोडं उरलेलं होतं, ते अगदी छोट्या पोरांचे. बाकी सगळे रिकामे.

मायनी लाडकी, साक्री | ७ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

ताई वाचताना डोळ्यात पाणी आलं. धूर नाही याला म्हणाल्या, किती बारीक लक्ष आहे त्यांचं.

दूधवाला, पाचोरा | ७ ऑक्टोबर, दुपारी १.०५

खूप आनंद झाला. खाली राहिलेली वाटी फेकली नाही ना?

भुलाबाईची मैत्रीण, जळगाव | ७ ऑक्टोबर, दुपारी १.४०

नाही भाऊ. जे खरोखर काळं झालं होतं तेवढं सोडलं आणि कडेची बदामी खरवड सासूबाईंनी शिंपल्याने काढून नातवंडांच्या हातावर ठेवली, साखर पेरून. दोघांची भांडणं झाली त्यावरून.

पहिली कोजागिरी, चोपडा (सध्या पुणे) | ७ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

माझं पण छान झालं! दीड लिटर, दोन तास दहा मिनिटं. रंग तुमच्याइतका आला नाही पण सासरच्यांना फार आवडलं. मसाला मात्र दुप्पट करून बसलेय, तो किती दिवस राहील?

शिरपूरकर वहिनी | ७ ऑक्टोबर, दुपारी ४.००

काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेव, महिनाभर चांगला राहतो. ओला चमचा घालू नकोस. जायफळ त्यात आधीच मिसळलं नसशील तर उत्तम, ते प्रत्येक वेळी ताजंच उगाळ. भाऊबीजेला बासुंदी कर त्याची, तवा आहेच आता तुझ्याकडे.